क्लिप पाहिली, सामना कुठे पाहिला?

डिसेंबर उजाडला की स्नूकरच्या वेड्यांना एक प्रश्न हमखास चावतो. सरत्या वर्षातला तुमचा सर्वांत आवडता सामना कोणता? गोव्यात हे वेडे फार नाहीत, पण आहेत. मडगावला आहेत, म्हापशाला आहेत, फोंड्यात तर माझ्या ओळखीचेच चौघे आहेत. २०२५ साल संपताना आमच्यातही हा प्रश्न निघाला, भराभर उत्तरे आली, आणि ती ऐकून माझे डोके फिरले. त्या फिरलेल्या डोक्याने हा लेख लिहितो आहे. ज्यांना स्नूकरमध्ये काडीचाही रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण हे भांडण स्नूकरच्या टेबलापाशी थांबणारे नाही.

बहुतेकांचे उत्तर एकच होते : जेद्दा. ऑगस्ट २०२५, सौदी अरेबिया मास्टर्सची उपांत्य फेरी, रॉनी ओसुलिव्हन विरुद्ध ख्रिस वेकलिन. एकाच सामन्यात रॉनीने दोनदा १४७चा ब्रेक केला. 'काय सामना होता राव!' मी विचारले, सामना किती-किती सुटला? कुणालाच आठवेना. बरे, त्या स्पर्धेचा अंतिम सामना कोण जिंकला? 'रॉनीच ना?' नाही मंडळी. अंतिम सामना नील रॉबर्टसनने जिंकला, १०-९ असा, म्हणजे एकोणीसपैकी एकोणिसाव्या फ्रेममध्ये. वर्षातल्या सर्वांत चुरशीच्या अंतिम सामन्यांपैकी तो एक. आमच्या मंडळींना त्याचा निकालही ठाऊक नव्हता, कारण मोबाइलवर फिरत आलेल्या दोन तुकड्यांमध्ये तो नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढे चिडण्यासारखे काय? लोकांना जे आवडले ते आवडले. मान्य. पण त्यांना जे आवडले तो सामना नव्हता. त्यांनी सामना पाहिलाच नव्हता. न वाचलेल्या कादंबरीला वर्षातली सर्वोत्तम कादंबरी म्हणणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? मग इथे तीच सूट का द्यायची?

ज्यांना हे १४७ प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलावर पंधरा लाल चेंडू असतात आणि सहा रंगीत. एक लाल घातला की एक गुण, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल, अशी ही माळ चालते. रंगीतांमध्ये काळा सर्वांत महाग, सात गुणांचा. प्रत्येक लालनंतर काळाच घातला तर पंधरा वेळा आठ म्हणजे १२० होतात, आणि शेवटचे सहा रंगीत क्रमाने घातले की आणखी २७. बेरीज १४७. छत्तीस फटके, एकही चूक नाही. कठीण आहे, देखणे आहे, मी स्वतः ते पाहताना श्वास रोखून धरतो. त्याच्या थोरवीबद्दल माझी तक्रार अजिबात नाही.

पण या छत्तीस फटक्यांच्या वेळी दुसरा खेळाडू काय करत असतो? खुर्चीत बसून पाणी पीत असतो. १४७ ही एका माणसाची गोष्ट आहे, सामना ही दोन माणसांची. टेबलावर एकटाच उभा असेल तेव्हा खेळाडू किती चांगला आहे ते कळते. समोरचा माणूस त्याला त्रास देतो तेव्हा तो कोण आहे ते कळते. वर्षातली उत्तम खेळी आणि वर्षातला उत्तम सामना ही दोन वेगळी बक्षिसे आहेत. पहिले तुम्ही खुशाल जेद्दाच्या रॉनीला द्या, मी टाळ्या वाजवीन. दुसऱ्याच्या वेळी मात्र मी भांडणार.

या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत ते इतिहासच सांगतो. १९९७ सालच्या जागतिक स्पर्धेत, शेफील्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात, याच रॉनीने मिक प्राइसविरुद्ध ५ मिनिटे ८ सेकंदांत १४७ केले. जगातला सर्वांत वेगवान १४७. तो तुकडा न पाहिलेला स्नूकरप्रेमी शोधून सापडायचा नाही. त्यानंतर काय झाले? पुढच्याच फेरीत रॉनी डॅरेन मॉर्गनकडून १३-१२ असा हरला आणि घरी गेला. पंचवीस फ्रेम चाललेला, शेवटच्या फ्रेमवर सुटलेला सामना. त्याचे नाव काढा, समोरचा कोऱ्या चेहऱ्याने बघतो.

२०२३ साली मार्क सेल्बीने क्रुसिबलच्या अंतिम सामन्यात १४७ केले. तोवर त्या नाट्यगृहात अंतिम सामन्यात कुणालाच ते जमले नव्हते. पहिल्या दिवसाची ती शेवटून दुसरी फ्रेम होती. सभागृह उभे राहिले. आणि फलक काय सांगत होता? सेल्बी तरीही ७-९ असा मागेच. दुसऱ्या दिवशी लुका ब्रेसेलने सामना १८-१५ जिंकला आणि युरोपच्या मुख्य भूमीवरचा पहिला जगज्जेता झाला. २०२५ साली जेद्दात पुन्हा तेच : दोन १४७ करणारा अंतिम सामना हरला. सर्वोच्च ब्रेक केला तरी फ्रेम एकच मिळते. साठ गुणांनी जिंका, एका गुणाने जिंका, नाहीतर १४७ने जिंका, फलकावर एकच आकडा वाढतो. खेळाच्या नियमालाच जो फरक मान्य नाही तो आपण डोक्यावर घेऊन नाचतो.

उलट उदाहरणेही आहेत, ती लपवत नाही. जानेवारी २०२५मध्ये लंडनच्या मास्टर्स स्पर्धेत शॉन मर्फीने उपांत्य फेरीत मार्क ॲलनविरुद्ध १४७ केले आणि नंतर कायरन विल्सनला १०-७ हरवून करंडकही नेला. आणि सर्वांत सुंदर उदाहरण १९८३चे. कॅनडाचा क्लिफ थॉर्बर्न. टोपणनाव 'ग्राइंडर', आपल्या भाषेत जात्यावर दळण दळत बसणारा. हळू, चिवट, कंटाळवाणा म्हणून हिणवलेला. क्रुसिबलमधला पहिला १४७ या माणसाने केला, टेरी ग्रिफिथ्सविरुद्ध. पहिला लाल चेंडू तर नशिबाने गेला होता. शेजारच्या टेबलावर बिल वर्बेनियुक आपला खेळ थांबवून बघत राहिला होता. शेवटचा काळा गेल्यावर थॉर्बर्न गुडघ्यांवर बसला, ते चित्र सर्वांना माहीत आहे.

चित्र माहीत आहे, सामना माहीत नाही. तो सामना थॉर्बर्नने १३-१२ जिंकला, आणि तो संपला तेव्हा शेफील्डला पहाटेचे ३ वाजून ५१ मिनिटे झाली होती. आपल्याकडे तोवर सव्वाआठ उलटून गेले होते, पदेर पाव देऊन गेला असेल. पुढच्या फेरीत त्याने कर्क स्टीव्हन्सला पुन्हा १३-१२ हरवले, उपांत्य फेरीत टोनी नोल्सला १६-१५, आणि अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिससमोर ६-१८ असा कोसळला. माणूस संपला होता हो. तीन सामने शेवटच्या फ्रेमपर्यंत ओढून त्याच्यात काही उरलेच नव्हते. गुडघ्यांवर बसलेला थॉर्बर्न ही त्या कथेची एक ओळ आहे. कथा ही पुढच्या सगळ्या रात्रींची आहे.

हे सगळे गोव्याच्या माणसाला समजावून सांगावे लागावे याचे मला खरे तर जास्त वाईट वाटते. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या मातीतल्या. विलंबित ख्यालात राग हळूहळू उलगडत जातो, एकेका आवर्तनाने सम जवळ येते, आणि मग द्रुतातली तान अंगावर येते ती आधीच्या अर्ध्या तासामुळे, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवले नाही, आपण देवळाच्या मंडपात बसून शिकलो. एखाद्याने फक्त तानांचे तुकडे ऐकले आणि 'यंदाची सर्वोत्तम मैफल' जाहीर केली तर आपण त्याला चटईवरून उठवू. मग स्नूकरला वेगळा न्याय कशासाठी?

हे बोललो तेव्हा एका मित्राने लगेच टोला हाणला. म्हणाला, केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, ती जेमतेम साडेतीन मिनिटांची. ती क्लिप नव्हे का? प्रश्न चोख आहे, उत्तरही द्यायला हवे. त्या तबकडीची मर्यादा केसरबाईंना ठाऊक होती. तेवढ्या वेळात भैरवी कशी मांडायची, कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचे, हे त्यांनी ठरवले. ती लहान आहे, पण पूर्ण आहे. मोबाइलवरचा तुकडा खेळाडूने कापलेला नसतो. चौथ्या फ्रेममध्ये असताना त्याच्या डोक्यात पहिल्या तीन फ्रेम असतात आणि पुढच्या वीस असतात. तो सामना खेळत असतो. आपण त्यातला एक घास काढून घेतो आणि म्हणतो, जेवण उत्तम झाले.

दुसरा एक पंथ आहे. हे लोक १४७वाले नाहीत, हे 'शेवटचा चेंडू'वाले. यांच्या यादीत सर्वांत वर कायम १९८५चा अंतिम सामना असतो, डेनिस टेलर विरुद्ध स्टीव्ह डेव्हिस, १८-१७, शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूवर. मध्यरात्र उलटून गेली होती आणि ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक जागे राहून बीबीसी २वर ते पाहत होते. निवडीशी माझे भांडण नाही, तो थोर सामना आहेच. पण विचारा यांना, त्या काळ्या चेंडूने एवढा घाम का फोडला? कारण टेलर ०-८ असा मागे होता. आठ फ्रेम, एकही नाही. समोर डेव्हिस, तीन वेळचा जगज्जेता, त्या काळचा निर्विवाद पहिला. तिथून पहिल्या दिवसअखेर ७-९. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठलाग, पुन्हा मागे, १५-१७, मग १७-१७. शेवटची फ्रेम ६८ मिनिटांची. तिथेही टेलर मागेच. तपकिरी, निळा, गुलाबी, काळा असे उरलेले चारही चेंडू त्याला हवे होते. तपकिरी गेला, निळा गेला, गुलाबी गेला. काळ्यावर दोघेही आळीपाळीने चुकले. डेव्हिसला एक संधी आली, त्याने चेंडू जरा जास्तच पातळ कापला. टेलरने घातला.

आणि या सगळ्यातली माझी आवडती गोष्ट : दोन दिवसांच्या त्या सामन्यात टेलर एकदाही पुढे नव्हता. पहिल्यांदा पुढे गेला तो तो काळा चेंडू पडला तेव्हा, आणि तेव्हा सामना संपला होता. ही गोष्ट शेवटच्या दोन मिनिटांच्या तुकड्यात दिसूच शकत नाही. त्या तुकड्यात मोठ्या काचांचा चष्मा घातलेला एक माणूस क्यू डोक्यावर धरून नाचतो, एवढेच दिसते. तो का नाचतो हे कळायला ०-८ पाहावे लागते.

मग २०२५ सालचा माझा सामना कोणता? विचारताय तर सांगतो. क्रुसिबलची उपउपांत्य फेरी, मार्क विल्यम्स विरुद्ध जॉन हिगिन्स, १३-१२.

या सामन्याचा एकही तुकडा मला कुणी पाठवला नाही, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. पाठवायचे तरी काय? तो सामना २५ फ्रेमचा होता आणि त्याच्यामागे २५ वर्षे होती. विल्यम्स, हिगिन्स आणि ओसुलिव्हन हे तिघेही १९९२ साली व्यावसायिक झाले. २००० सालच्या उपांत्य फेरीत विल्यम्सने हिगिन्सला १७-१५ हरवले आणि नंतर जगज्जेतेपद मिळवले. २०११च्या उपांत्य फेरीत हिगिन्सने १७-१४ अशी परतफेड केली आणि तोही जगज्जेता झाला. २०१८ साली दोघे थेट अंतिम सामन्यात भेटले. विल्यम्स १४-७ पुढे होता, हिगिन्सने १५-१५ केले, आणि तरीही विल्यम्सने १८-१६ जिंकला. त्याच्या आदल्या वर्षी हा विल्यम्स क्रुसिबलसाठी पात्रसुद्धा ठरला नव्हता, निवृत्तीच्या गोष्टी बोलत होता.

आता २०२५. विल्यम्स नुकताच पन्नाशीचा झालेला, हिगिन्सची पन्नाशी महिन्याच्या आत येणार. विल्यम्सला लांबचे चेंडू नीट दिसत नाहीत, हे तो स्वतःच सांगत होता. स्नूकरमध्ये बारा फूट लांबीच्या टेबलावर नजर गेली तर उरते काय? उरतो तो अनुभव. कुठला फटका मारायचा नाही हे ज्ञान. समोरच्याला कुठे उभे केले की तो अस्वस्थ होतो, कुठली कुशन त्याला आवडत नाही, आघाडीवर असताना तो घाई करतो की हातचे राखतो, हे सगळे दोघांनाही एकमेकांबद्दल पाठ. आपल्या गावात दोन जुने भाऊबंद सामायिक माडासाठी कोर्टात भांडतात ना, प्रत्येक तारखेला दोघांनाही माहीत असते दुसरा काय म्हणणार, तसे. सात जागतिक पदके दोघांत मिळून, आणि निकाल शेवटच्या फ्रेमवर. विल्यम्स जिंकला. मग उपांत्य फेरीत त्याने जड ट्रम्पला १७-१४ हरवले आणि क्रुसिबलच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. ऑक्टोबरमध्ये चीनमध्ये शियान ग्रांप्री जिंकून तो मानांकन स्पर्धा जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडूही झाला.

'पण खरी बातमी तर झाओ शिनतोंगची होती,' असे कुणी म्हणेल. बरोबर. वीस महिन्यांची बंदी भोगून आलेला, हौशी खेळाडू म्हणून पात्रता फेरीपासून खेळत वर चढलेला, विल्यम्सला १८-१२ हरवून आशियातला पहिला जगज्जेता झालेला झाओ ही २०२५ची सर्वांत मोठी घटना आहे. माझ्या मते ती स्नूकरच्या इतिहासातली एक मोठी कलाटणी आहे. पण घटना आणि सामना यांतही फरक आहे. उपांत्य फेरीत त्याने रॉनीला १७-७ उडवले, चार सत्रांचा सामना तिसऱ्या सत्रातच आटोपला. बातमी म्हणून थरारक, सामना म्हणून एकतर्फी. वर्षाचा आढावा घ्यायचा तर झाओ पहिला. सामना निवडायचा तर ते दोन म्हातारे.

अगदी घासूनच सुटला पाहिजे असेही माझे म्हणणे नाही. २०२३ची उपांत्य फेरी आठवा. ब्रेसेल विरुद्ध सी जियाहुई. सी वीस वर्षांचा, क्रुसिबलमध्ये पहिल्यांदाच आलेला. ब्रेसेल तर त्या वर्षापूर्वी तिथे एकही सामना जिंकला नव्हता. सी १४-५ पुढे गेला. सतरा हव्यात, चौदा झाल्या. अशा वेळी बहुतेक जण टीव्ही बंद करून झोपायला जातात. ब्रेसेलने त्याच सत्रातल्या उरलेल्या पाचही फ्रेम घेतल्या, १४-१०. मग शेवटचे सत्र. पुन्हा सहा सलग. १४-५चे १४-१६ झाले. अकरा फ्रेम ओळीने. सीने एक परत घेतली, पण सामना ब्रेसेलने १७-१५ नेला. या सामन्याचा कळस कुठला सांगा बरे? एक फटका दाखवा. दाखवताच येत नाही. तो कळस त्या मुलाच्या खुर्चीत आहे, १४-५ला पाय पसरून बसलेला मुलगा १४-१३ला कसा बसला होता त्यात आहे. ते पाहायला तुम्ही तिथे असायला हवे होते, दोन्ही वेळा.

आता तिसरा आक्षेप, सर्वांत मोठ्या आवाजातला : 'हळू खेळ कंटाळवाणा असतो.' पुरावा म्हणून हे लोक २०२२चे उदाहरण पुढे करतात. सेल्बी विरुद्ध यान बिंगताओ, एकच फ्रेम ८५ मिनिटे चालली, क्रुसिबलच्या इतिहासातली तोवरची सर्वांत लांब. तिची भरपूर टिंगल झाली. मी प्रामाणिकपणे सांगतो, ती फ्रेम माझ्याही आवडत्यांच्या यादीत नाही. विलंबित म्हणजे सगळेच चांगले असे थोडेच आहे? रटाळ विलंबितही आपण ऐकले आहे. पण टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे की ती फ्रेम यानने जिंकली, त्याने धारिष्ट्याच्या खेळात गतविजेत्या सेल्बीला त्याच्याच हत्याराने मारले, आणि नंतर सामना १३-१० जिंकला? ८५ मिनिटे हा आकडा फिरला, त्या ८५ मिनिटांनी कुणाची कंबर मोडली ते नाही फिरले.

सेफ्टी म्हणजे खेळ थांबणे असे ज्यांना वाटते त्यांना या खेळाचे नावही कळलेले नाही. स्नूकर म्हणजेच अडवणूक : पांढरा चेंडू अशा ठिकाणी लपवायचा की समोरच्याला हवा तो चेंडू सरळ मारताच येऊ नये. चेंडू घालणे हा या खेळाचा अर्धा भाग, घालू न देणे हा दुसरा अर्धा. नावावर हक्क त्या दुसऱ्या अर्ध्याचा आहे.

हे सगळे निव्वळ आवडीनिवडीचे भांडण असते तर मी एवढी शाई वाया घालवली नसती. पण आपण काय आठवतो यावर पुढे काय टिकते ते ठरत असते. यूके चॅम्पियनशिपचा अंतिम सामना १९९२पर्यंत ३१ फ्रेमचा असे. १९९३पासून तो १९ फ्रेमचा झाला. अनेक स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्या आता सात फ्रेमच्या असतात, चार जिंकले की संपले. आणि 'शूट आउट' नावाची एक स्पर्धा आहे : एकच फ्रेम, दहा मिनिटांचे घड्याळ, पहिल्या पाच मिनिटांत फटक्याला १५ सेकंद आणि नंतर १०. गंमत म्हणून ती ठीक होती. २०१७ साली तिला मानांकन स्पर्धेचा दर्जा दिला गेला. म्हणजे या दहा मिनिटांच्या धावपळीचे गुण आणि पंचवीस फ्रेमच्या झुंजीचे गुण एकाच वहीत मांडले जातात. आयोजकांना दोष देऊन मोकळे होऊ नका. ते आपल्याकडे बघतात. वर्षाअखेर आपल्या तोंडून फक्त १४७ आणि शेवटचा काळा चेंडूच निघत असेल, तर उद्या त्यांनी विचारावे की मधल्या तेवीस फ्रेम कुणासाठी खेळवायच्या, यात त्यांचे काय चुकले?

अमुक खेळ आमच्याच देशात जन्मला, असे सांगायला आपल्याला फार आवडते. स्नूकरच्या बाबतीत ते खरेही आहे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने या खेळाची सुरुवात केली, आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम भिंतीवर लागले, असे मानले जाते. हा चेंबरलेन पुढे पंतप्रधान झाला तो नव्हे. ठीक. पण जन्मस्थान सांगून कुणी पालक होत नाही. २०१३ साली दिल्लीत व्यावसायिकांची इंडियन ओपन झाली तेव्हा मुंबईचा आदित्य मेहता अंतिम फेरीत पोहोचला होता. त्याच वर्षी पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने वेल्श ओपनची उपउपांत्य फेरी गाठली. २०२४ साली मुंबईचा ईशप्रीत सिंग चढ्ढा इंग्लिश ओपनच्या उपांत्य फेरीत गेला. यांतला एक तरी सामना तुमच्या त्या-त्या वर्षाच्या यादीत होता का? मुंबई ते पणजी एका रात्रीचा बसप्रवास. मुंबईचा मुलगा परदेशात उपांत्य फेरी खेळतो आणि आपल्याला पत्ता नसतो, कारण त्याने १४७ केले नाही.

आता व्यवहाराचे बोलू. 'एवढा वेळ कुणाला आहे?' हा शेवटचा प्रश्न. शेफील्डची घड्याळे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात. तिथले सकाळचे सत्र आपल्याकडे दुपारी अडीचला सुरू होते, दुपारचे संध्याकाळी सातला, रात्रीचे साडेअकराला. साडेअकरा! गोव्याच्या माणसाला ही वेळ नवी आहे का? जत्रेच्या नाटकाचा पडदा आमच्याकडे याच सुमाराला वर जातो, आणि तिसरा अंक संपेपर्यंत कोंबडा आरवतो. डोळे तारवटलेले असतात, चण्याच्या पुड्या संपलेल्या असतात, तरी कुणी उठत नाही, कारण खलनायकाचे काय होते ते पाहायचे असते. त्या नाटकातला फक्त तलवारीचा प्रवेश पाहून सकाळी 'नाटक बरे झाले' असे म्हणणाऱ्याला गावात कुणी विचारत नाही.

माझे मागणे मोठे नाही. सगळे सतरा दिवस पाहा असे मी म्हणत नाही, मीही पाहत नाही, घर आहे, नोकरी आहे. एक सामना निवडा. एकच. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत, मधली सेफ्टी, मधला कंटाळा, मधली चहाची सुट्टी, सगळ्यासकट पाहा. तो ३-१३ असा एकतर्फी सुटला तरी चालेल. मग डिसेंबरात या आणि माझ्याशी भांडा. विल्यम्स-हिगिन्सपेक्षा तुमचा सामना चांगला होता हे तुम्ही मला पटवून दिलेत तर मी आनंदाने ऐकेन, चहाचे पैसेही मीच देईन. अट एकच. बोलताना खिशातला मोबाइल बाहेर काढायचा नाही, जे सांगायचे ते आठवून सांगायचे.